गोरक्षेपच्या आधीच्या सात रात्री

पुण्यात रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेवर उभं राहिलं, की सिंहगड चढणाऱ्यांत काही जण लगेच वेगळे ओळखू येतात. पाठीवर गच्च भरलेली सॅक, आत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, पायांत घोट्याच्या वर येणारे नवे कोरे बूट. वर पोचले, ताक प्यायले, की पुन्हा खाली आणि पुन्हा वर. चौकशी केली तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. दिवाळीत किंवा एप्रिल-मेमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय.

तयारी म्हणून हे उत्तमच. सिंहगडाची ही चढण साधारण सहाशे मीटरची आहे. नेपाळच्या खुंबू भागात दूधकोसीच्या काठावरून नामचे बाजारकडे जी शेवटची दमछाक करणारी चढण लागते, तीही जवळपास तेवढीच. पायांना दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही. तो जाणवतो फुफ्फुसांना. सिंहगडाचा माथा १,३१२ मीटरवर आहे, नामचे ३,४४० मीटरवर. अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. एव्हरेस्टच्या वाटेवर विमान जिथे उतरतं ते लुक्ला गाव सुमारे २,८५० मीटरवर वसलं आहे, म्हणजे कळसूबाईच्या देवळापेक्षा बाराशे मीटर उंच. सह्याद्रीत आयुष्य घालवलेला भटक्याही लुक्लाच्या धावपट्टीवर पाऊल ठेवतो, तेव्हा उंचीच्या बाबतीत नवखाच असतो.

१९९८ मध्ये मराठी गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या चमूने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली हेच शिखर सर केलं. या शिखराचं वेड मराठी घरांत आता चांगलंच मुरलेलं आहे. शिखर सगळ्यांच्या आवाक्यातलं नसलं तरी त्याच्या पायथ्यापर्यंत जावं, असं पन्नाशीच्या गृहिणीपासून कॉलेजातल्या पोरापर्यंत अनेकांना वाटतं, आणि ते शक्यही आहे. या वाटेला दोर लागत नाही, कडे चढावे लागत नाहीत. मुक्कामाला लॉज आहेत, गरम जेवण मिळतं. अवघड आहे ती हवा.

हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावर कमी होतं, असं सर्रास म्हटलं जातं. प्रमाण सगळीकडे तेच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजनही घटतो. नामचेत तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो, आणि ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला निम्म्याच्या जरासा वर. मुंबईकराला कोणी विमानातून उचलून थेट तिथे नेऊन ठेवलं, तर काही तासांतच तो आजारी पडेल. चालत, थांबत, दिवस घेत गेलेला माणूस मात्र तिथे उभा राहून फोटो काढतो. या दोघांच्या तब्येतीत फरक नसतो. मधल्या दिवसांत शरीराने जे काम केलेलं असतं, त्याचा हा फरक.

ते काम मोठं विलक्षण आहे. उंचीवर गेल्याबरोबर श्वास जलद आणि खोल होतो. त्याने ऑक्सिजन जास्त मिळतो खरा, पण कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो. मग मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत तर श्वास काही सेकंद थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेला माणूस हे ऐकून घाबरतो, पण त्या उंचीवर ते नेहमीचंच आहे. हा तोल सावरायचं काम मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. ही यंत्रणा घरबसल्या सुरू करता येत नाही आणि घाईने पुढे रेटता येत नाही.

तगडं शरीर हे उंचीवरचं संरक्षण नाही, याचा सर्वांत ठोस पुरावा भारतीय लष्कराने जगाला दिला आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात जवानांना सपाटीवरून फार थोड्या वेळात हिमालयातल्या ठाण्यांवर पोचवावं लागलं. त्यांच्यातल्या आजाराचा अभ्यास लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात १,९२५ जवानांची नोंद आहे. हे सगळे कसलेले, रोज कवायत करणारे सैनिक होते. पर्वतीय आजारावरच्या वैद्यकीय लेखनात या अभ्यासाचा हवाला आजही दिला जातो.

दुसरा पुरावा थेट एव्हरेस्टच्या वाटेवरचा. ४,३०० मीटरच्या आसपास असलेल्या फेरिचे गावात ‘हिमालयन रेस्क्यू असोसिएशन’चं छोटं आरोग्यकेंद्र आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेसाठी काम करताना अमेरिकन डॉक्टर पीटर हॅकेट यांनी तिथून जाणाऱ्या २७८ पदभ्रमंतीकारांची तपासणी केली. त्यांतल्या ५३ टक्क्यांना पर्वतीय आजाराची लक्षणं होती. १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. विमानाने लुक्लाला उतरलेल्यांत हा त्रास खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. आज जवळपास सगळेच विमानाने लुक्लाला उतरतात. सुरुवातच त्या जास्त त्रासाच्या गटात होते, हे गृहीत धरूनच कार्यक्रम आखायला हवा.

आता आकडेमोड. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन यावं, मोजायची ती झोपायची उंची. बेस कॅम्पचा नेहमीचा कार्यक्रम या नियमावर घासून बघता येतो. पहिली रात्र फाकदिंग, २,६१० मीटर. दुसरी नामचे, ३,४४०. ही उडी आठशे मीटरच्या वर जाते, म्हणून तिसरी रात्रही नामचेतच. चौथी तेंगबोचे, सुमारे ३,८६०. पाचवी दिंगबोचे, ४,४१०, आणि पुन्हा उडी मोठी म्हणून सहावीही तिथेच. सातवी लोबुचे, ४,९४०. आठव्या रात्री गोरक्षेप, ५,१६४ मीटर, बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम. गोरक्षेपच्या आधीच्या या सात रात्री म्हणजे सगळ्या तयारीचा कणा आहे. स्वस्त सहलीच्या पत्रकात सगळ्यात आधी कापल्या जातात त्या यांतल्याच, नामचेची दुसरी किंवा दिंगबोचेची दुसरी. कागदावर त्या ‘विश्रांतीचा दिवस’ म्हणून छापलेल्या असतात, त्यामुळे रजा वाचवू पाहणाऱ्यालाही त्या वाया गेल्यासारख्या वाटतात.

त्या दिवशी विश्रांती नसतेच मुळी. नामचेहून सकाळी निघून स्यांगबोचेच्या जुन्या धावपट्टीवरून ३,८८० मीटरवरच्या ‘हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यू’पर्यंत चढायचं, आभाळ स्वच्छ असेल तर तिथून एव्हरेस्ट आणि आमा दबलम डोळे भरून बघायचं, वाटलं तर एडमंड हिलरींनी १९६१ मध्ये शाळा उभारली त्या खुमजुंग गावात डोकावायचं आणि झोपायला पुन्हा नामचेत उतरायचं. या हॉटेलच्या खोल्यांत पाहुण्यांसाठी ऑक्सिजनची सोय ठेवलेली असते. पाहुणा हेलिकॉप्टरने थेट येऊन उतरला तर त्याला ती लागू शकते. दिंगबोचेतही असंच. गावामागच्या नांगकरत्सांगच्या धारेवर जमेल तितकं चढून परत यायचं. त्या धारेच्या टोकाला उंची पाच हजारांच्या वर जाते.

आफ्रिकेतल्या किलिमांजारोचाही हिशोब हाच. ५,८९५ मीटरच्या या शिखरावर मरांगू वाटेने पाच दिवसांत जाऊन येता येतं, तर लेमोशो वाटेला सात-आठ दिवस लागतात. लांबच्या वाटेने गेलेल्यांना शिखर गाठणं अधिक जमतं. पेरूत इंका ट्रेल करणारेही आधी कुस्को शहरात दोन-तीन दिवस काढतात, कारण ते शहरच ३,४०० मीटरवर आहे.

तेव्हा तयारीची सुरुवात कॅलेंडरपासून करावी. चढायला आठ दिवस, उतरायला तीन-चार, काठमांडूत आधी दोन आणि नंतर एक, आणि वर किमान दोन राखीव. सोळा-सतरा दिवसांची रजा मिळत नसेल, तर थोडं थांबून पुढच्या वर्षी जावं. राखीव दिवसांचं कारण लुक्लाची धावपट्टी आहे. जेमतेम ५२७ मीटर लांब, चढावर बांधलेली, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमानं थांबतात, कधी दिवसभर, कधी सलग दोन-तीन दिवस. ऐन हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. तिथे पोचायला काठमांडूहून चार-पाच तासांचा रस्ता आहे, म्हणजे मध्यरात्रीच निघावं लागतं. परतीचं मुंबईचं तिकीट लुक्लाहून उतरायच्या दुसऱ्याच दिवशीचं काढलं, तर सगळी वाट त्या तिकिटाच्या दडपणाखाली जाते. दिंगबोचेत डोकं दुखत असताना “एक दिवस थांबू या” म्हणायचं धैर्य अशा वेळी कोणाला होत नाही.

घरची तयारी तीन महिने आधी सुरू करावी, आणि तिची पहिली पायरी डॉक्टरांकडे असावी. रक्तदाब, साखर, हृदयाची तपासणी हे ओघाने आलंच, पण हिमोग्लोबिनकडे मुद्दाम लक्ष द्यावं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय फार आढळतो आणि तो अंगवळणी पडलेला असतो. ऑक्सिजन वाहणारी यंत्रणाच अपुरी असेल, तर वरच्या हवेत तिची फरफट होते. तीन महिने हातात असतील तर हा दोष खालीच भरून काढता येतो. मधुमेह असलेल्यांनी आणखी काळजी घ्यावी. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं आणि कडाक्याच्या थंडीत साखर मोजायचं यंत्रही दगा देऊ शकतं, म्हणून दोन्ही अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावं लागतं.

याच भेटीत डायमॉक्सचा विषय काढावा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे त्या औषधाचं मूळ नाव. ते मूत्रपिंडांच्या त्या तोल सावरण्याच्या कामाला हातभार लावतं आणि शरीर उंचीशी लवकर जुळतं. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची चव विचित्र लागते. म्हणून एक-दोन दिवस घरीच घेऊन बघितलेलं बरं. हे औषध आजार लपवतं, असा समज ट्रेकरांमध्ये फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पण ते घेतलं म्हणून रात्री कमी केल्या तरी चालतात, हा समज त्याहून घातक. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र वर पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींमुळे श्वास मंदावतो.

व्यायामाचं सांगायचं तर सह्याद्रीइतकी चांगली व्यायामशाळा शोधून सापडणार नाही. फक्त ती वापरायची पद्धत बदलावी लागते. सिंहगड किती मिनिटांत चढलो, याला बेस कॅम्पच्या वाटेवर किंमत नाही. तिथे रोज पाच-सहा तास, सलग बारा दिवस, दम न लागता चालायचं असतं. म्हणून शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील अशा चालीने लांब अंतरं चालावीत. शनिवार-रविवार दोन्ही दिवस जोडून जावं, म्हणजे थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघायची सवय होते. हरिश्चंद्रगड मुक्कामी करावा. जमेल त्याने सिंहगड ते राजगड ते तोरणा हा मोठा पल्ला मारावा. डोंगर जवळ नसलेल्यांनी इमारतीचे जिने पाठीवर सात-आठ किलो घेऊन चढावेत आणि उतरावेतही. उतरण्याचा सराव बहुतेक जण टाळतात आणि मग परतीच्या वाटेवर नामचे ते लुक्ला या टप्प्यात गुडघे धरून बसतात. बूट या सरावातच मुरले पाहिजेत. कोरे बूट घालून लुक्लाला उतरणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

कपड्यांवर वारेमाप खर्च करायची गरज नाही. घाम शोषून वाळणारा आतला थर, मधे ऊब देणारा, वरून वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडे नकोत, ते भिजले की वाळत नाहीत. जाड डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात. एकदाच जायचं असेल तर तेच शहाणपणाचं. दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. अतिनील किरण अडवणारा चांगला चश्मा, कारण बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात, आणि नाकातोंडावर ओढायचं बफ, कारण कोरड्या थंड हवेने होणारा ‘खुंबू खोकला’ धडधाकट माणसाच्याही फासळ्या दुखवतो. गोरक्षेपला रात्री पारा उणे दहा आणि त्याखालीही जातो. मोबाइल आणि टॉर्चच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलं नाही, तर सकाळी त्या उतरलेल्या असतात.

हा परदेश आहे, हे नेपाळला जाताना भारतीय माणूस विसरतो. भाषा कळते, चेहरे ओळखीचे वाटतात, व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयोगटातल्या प्रवाशाला आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये राहून तिथलं नागरिकत्व घेतलेला भाऊ-बहीण सोबत येणार असेल, तर त्याला व्हिसा घ्यावाच लागतो आणि तो काठमांडूच्या विमानतळावर मिळतो. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांच्या निम्मं आहे, त्यासाठीही ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे. वाटेवरची एटीएम नामचेत संपतात आणि पुढे रोकडच चालते. वर जाऊ तसा भातापासून मोबाइल चार्जिंगपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव वाढतो, कारण ती माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून आलेली असते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना आणखी एक गोष्ट आवर्जून कळवावी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिन इनरीचसारखी उपकरणं पाश्चात्त्य ट्रेकर सर्रास जवळ बाळगतात. भारतात मात्र परवान्याशिवाय ती बाळगणं हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशा उपकरणावरून पोलिस कारवाईला तोंड द्यावं लागलं आहे. मुंबई किंवा गोव्यामार्गे नेपाळला जाणाऱ्याने ते घरीच ठेवावं.

विम्याच्या कागदावर एक ओळ शोधायची असते, ती म्हणजे उंचीची मर्यादा. साध्या प्रवासविम्यात ठरावीक मीटरच्या वरची पदभ्रमंती अनेकदा वगळलेली असते. बेस कॅम्पला ५,३६४ आणि तिथल्याच काला पत्थर या टेकडीला साडेपाच हजारांच्या वर, एवढी उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. याला दुसरी बाजूही आहे. किरकोळ डोकेदुखीवर प्रवाशाला घाबरवून हेलिकॉप्टर मागवायचं आणि विमा कंपनीकडून पैसे उकळायचे, असे प्रकार नेपाळमध्ये घडले. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने त्यांची चौकशी केली. म्हणून विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन नंबर स्वतःजवळ असावा आणि गटातल्या आणखी एकाकडेही.

काठमांडूत पोट सांभाळणं हीसुद्धा तयारीच. तिथे बिघडलेलं पोट घेऊन वर गेलं की शरीरातलं पाणी कमी होतं, भूक मरते आणि ती लक्षणं उंचीची की पोटाची, हे कळेनासं होतं. कच्ची कोशिंबीर, बर्फ टाळावा. वर खुंबूत प्राणिहत्या निषिद्ध असल्याने मांस खालून अनेक दिवसांची वाट चालून येतं, तेव्हा मांसाहाऱ्यांनीही डाळ-भातावरच राहावं. तो ताजा असतो आणि पोट भरेपर्यंत पुन्हा वाढतात. लॉजमध्ये खोलीचं भाडं नाममात्र असतं ते पाहुणा तिथेच जेवणार या हिशोबाने. बाहेरचं आणून खाणं त्यामुळे त्यांच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे. पण चवीपुरतं घरचं जरूर न्यावं. उंचीवर जेवण समोर नकोसं होतं, तेव्हा लसणाची चटणी किंवा लिंबाचं लोणचं चार घास जास्त जायला मदत करतं. चालताना खायला शेंगदाण्याची चिक्की असावी.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. गोरक्षेपला पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं, पण प्यायला ते सुरक्षित असतं. प्लास्टिकच्या बाटलीबंद पाण्यावर खुंबूच्या स्थानिक प्रशासनाने २०२० पासून बंदी घातली आहे. दोन टिकाऊ बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या न्याव्यात. रात्री गरम पाणी भरलेली बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवता येते आणि सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

या वाटेवर सर्वांत जास्त ओझं वाहतो तो भरिया, म्हणजे पोर्टर. त्याच्याविषयी सहलीच्या पत्रकात एक ओळही नसते. भरिया म्हणजे शेर्पा, आणि शेर्पाला उंचीचं काय, असं प्रवासी धरून चालतात. प्रत्यक्षात यांतले कितीतरी राई, तमांग, मगर समाजांचे, खालच्या डोंगराळ जिल्ह्यांतून मजुरीला आलेले असतात. उंचीचा त्रास त्यांनाही तसाच होतो, आणि मजुरी बुडेल म्हणून ते तो सांगत नाहीत. भरियांच्या हक्कांसाठी १९९७ मध्ये ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ ही संस्था उभी राहिली ती याच अनुभवातून. नेपाळात एका भरियाच्या पाठीवर ३० किलोंहून जास्त ओझं नसावं, असं ती सांगते. दोघांत एक भरिया घेतला, तर प्रत्येकाची बॅग बारा किलोंच्या आत बसवावी लागते, कारण त्याचं स्वतःचं सामानही त्याच्याच पाठीवर असतं. बुकिंग करताना तीन गोष्टी विचाराव्यात. त्याचा विमा आहे का, रात्री तो कुठे झोपतो, आजारी पडला तर त्याला खाली कोण नेतं. उत्तर देताना चाचरणाऱ्या कंपनीला पैसे देऊ नयेत.

हवामानाचा धडा अन्नपूर्णा परिसराने फार मोठी किंमत मोजून दिला आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळात ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग खिंडीत तुफान बर्फ टाकलं. ऐन हंगाम होता आणि खिंड ओलांडायला शेकडो लोक निघाले होते. परिसरात किमान ४३ जणांचा बळी गेला. त्यांत परदेशी पाहुणे होते, वाटाडे होते, भरिये होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडे चक्रीवादळांचाही मोसम आहे. बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल, तर हिमालयातल्या माणसाला ते ठाऊक असायला हवं, आणि वाटाड्या थांबू म्हणाला की थांबायला हवं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, चक्कर, न जाणारा थकवा ही सौम्य आजाराची लक्षणं आहेत. याबाबतचे नियम सोपे आहेत. उंचीवर बरं वाटत नसेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा. लक्षणं असताना वरच्या मुक्कामाला जायचं नाही. वाढत असतील तर लगेच उतरायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस, ओठ निळसर पडणं म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरू लागलं आहे. बडबड, गोंधळ, तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येते आहे. दोन्हींत जीव जातो, काही तासांत. ऑक्सिजन आणि औषधं वेळ मिळवून देतात, पण खरा उपाय खाली उतरणं हाच.

तोल तपासायची एक साधी रीत आहे. संध्याकाळी सगळे लॉजच्या जेवणघरात शेगडीभोवती जमतात, तेव्हा जमिनीच्या फळ्यांतल्या एका सरळ रेघेवर प्रत्येकाने टाचेला चवडा लावत दहा पावलं चालून दाखवायची. निरोगी माणसाला त्यात काही अवघड नसतं. ज्याचा पाय रेघेबाहेर जातो, जो हात पसरून सावरू लागतो, त्याला पुन्हा चालायला लावायचं. पुन्हा तेच झालं तर त्याचं काही ऐकायचं नाही, त्याच्यासोबत एकाने ताबडतोब खाली निघायचं. कोविडपासून घराघरांत आलेला ऑक्सिमीटर इथे दुय्यम ठरतो. पाच हजार मीटरवर ८० च्या आसपासचा आकडा धडधाकट माणसाचाही येतो, आणि गारठलेल्या बोटावर यंत्राचा आकडा चुकतोही. आकडा चांगला आला म्हणून डोकेदुखी अंगावर काढू नये.

अशा वेळी लपवणारा माणूस बहुधा गटातला सर्वांत तंदुरुस्त असतो. त्याने महिनोन्‌महिने सराव केलेला असतो, घरच्यांना सांगितलेलं असतं, पैसे भरलेले असतात. म्हणून निघण्यापूर्वीच, पुण्या-मुंबईतल्या बैठकीतच गटाने एक ठरवून ठेवावं. कोणी आजारी पडलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार, आणि उतरण्याचा निर्णय कोणाचा अंतिम.

या हंगामासाठी पैसे भरण्याआधी वाचकांनी कार्यक्रमाचा कागद हातात घ्यावा आणि लुक्लापासून गोरक्षेपपर्यंतच्या रात्री मोजाव्यात. मधे सातपेक्षा कमी भरत असतील, तर किंमत कितीही आकर्षक असली आणि आयोजक कितीही ओळखीचा असला, तरी त्या कार्यक्रमाला नाही म्हणावं.